घोड्यास सोबत कोणाची?

इसवी सन १९१८ मधील गोष्ट. अमेरिकेंत विलिस शार्प किल्मर नांवाचे एक धनाढ्य गृहस्थ होते. त्यांच्या तबेल्यांत सन ब्रायर हा नामांकित घोडा होता. आदल्या वर्षीं त्यानें आपल्या वयाच्या घोड्यांत मोठें नांव मिळविलें होतें, आणि केंटकी डर्बी ही मानाची शर्यत तोच मारणार असा मालकांचा भरंवसा होता. सरावाच्या वेळीं त्याच्या जोडीला धांवावयास कोणी तरी हवें, म्हणून एक उंच, हाडकुळा, तांबूस रंगाचा आखता घोडा विकत घेण्यांत आला. त्याचें नांव एक्सटर्मिनेटर. मालकांच्या तो मुळींच मनास येईना. परंतु शर्यतीचा दिवस जवळ आला तरी सन ब्रायरची तयारी पुरी होईना. अखेर नाइलाजानें सोबत्यालाच उभें करण्यांत आलें, आणि कोणाच्या ध्यानींमनीं नसतां तो चिखलाच्या मैदानावर डर्बी जिंकून मोकळा झाला. पुढें १९२४ पर्यंत धांवून त्यानें पन्नास शर्यती जिंकल्या.

श्रोतेहो, सोबतीस आणलेला घोडा धन्याच्या लाडक्या घोड्याहून थोर ठरावा, ही गोष्ट नवलाची खरी. पण एक्सटर्मिनेटरच्या म्हातारपणाची हकीकत याहूनही बोधप्रद आहे. ती शेवटीं येईलच. जोडीला कोणी असलें म्हणजे घोड्याला हुरूप येतो, हें शर्यतीच्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. परंतु जो घोडा शर्यतीचा नाहीं, घरीं केवळ हौसेनें बाळगलेला आहे, त्यालाही सोबत लागते, ही गोष्ट मात्र पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही ध्यानांत येत नाहीं.

आपल्याकडे हा प्रश्न पूर्वीं फारसा उद्भवत नसे. शिवकालीन घोडदळांत बारगीर व शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिरास घोडा सरकारी पागेंतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणी. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्यांच्या दिमतीस एक पखालजी व एक नालबंद, अशी व्यवस्था असे. पागेंतील घोडा दावणीला उभा राहिला कीं त्याच्या उजव्या-डाव्या बाजूंस त्याच्याच जातीचे सोबती असत. पुढें टांग्याच्या घोड्यांचे हाल झाले असतील, पण अड्ड्यावर त्यांना एकमेकांची संगत तरी मिळे. आतां चित्र पालटलें आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ सालीं उच्च न्यायालयानें बेकायदेशीर ठरविल्या. घोडा आज शहराबाहेरच्या मळ्यांत किंवा बंगल्याच्या आवारांत दिसतो; आणि तेथें तो बहुधा एकटाच असतो.

समजा, पुण्याजवळ मळा असलेले एक गृहस्थ दत्तजयंतीच्या यात्रेंत नंदुरबार जिल्ह्यांतील सारंगखेड्यास गेले, आणि मुलीच्या हट्टाखातर तेथील बाजारांतून एक उमदी घोडी घेऊन आले. तबेला पक्का, गवत भरपूर, चंदी वेळेवर, रोज खरारा, शिवाय दिमतीला एक वृद्ध मोतद्दार. उणें म्हणून कशाचें नाहीं. तरी महिन्याभरांत घोडी दाराशीं उभी राहून या पायावरून त्या पायावर सारखी झुलूं लागते. दाराचा काठ दांतांत धरून वारा गिळते. रस्त्यानें एखादें तट्टू गेलें कीं जिवाच्या आकांतानें खिंकाळते, आणि तें दिसेनासें झालें कीं कुंपणाच्या कडेनें येरझारा घालते. गृहस्थ आधीं खुराक वाढवितात, मग औषधाच्या बाटल्या आणतात. शेवटीं मोतद्दार भीत भीत म्हणतो,

"रावसाहेब, हिला चंदी कमी नाहीं. हिला हिच्या जातीचं कोणी दिसत नाहीं."

"अहो, पण आम्ही सगळीं आहोंत ना? ताई तर दिवसभर तिच्यापाशींच असते."

"दिवसां असतात, साहेब. पण रात्र कोणी काढायची?"

या एका प्रश्नांत अश्वस्वभावाचें अर्धें मर्म सांठविलेलें आहे. घोडा हा शिकार करणारा प्राणी नव्हे; शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस आहेत ते यासाठींच कीं, मान न वळवितां जवळजवळ चोहोंकडे नजर राहावी. मोकळ्या रानांत तो कळप करून राहतो, आणि कळप म्हणजे त्याची तटबंदी. घोडा उभ्यानें डुलकी घेतो हें सर्वांना माहीत आहे. परंतु स्नायू पूर्ण सैल सोडणारी गाढ झोंप त्याला उभ्यानें लागत नाहीं. तिच्यासाठीं त्याला आडवें व्हावें लागतें. अशी झोंप दिवसाकांठीं तासाभराहून अधिक लागत नाहीं. पण तेवढी मिळालीच पाहिजे. कळपांत एक जण उभा राहून पहारा करतो तेव्हां इतर निर्धास्तपणें अंग टाकतात. एकट्या घोड्याचा पहारा कोण करणार? त्याला निजणें म्हणजे शत्रूच्या मुलखांत शस्त्र खालीं ठेवण्यासारखें वाटतें.

दुसरें मर्म स्पर्शाचें. दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांची मान दांतांनीं हळूहळू खाजवीत असलेले पुष्कळांनीं पाहिले असतील. आयाळ जेथें संपते व पाठ सुरू होते, त्या जागेवर त्यांचा विशेष जीव असतो. क्लॉडिया फे आणि जान द माझिएर या दोन विदुषींनीं या गोष्टीचा अभ्यास करून १९९३ सालीं असें दाखवून दिलें कीं, नेमक्या त्या जागीं खाजविलें असतां घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणजे हा नुसता खेळ नव्हे; मन शांत करण्याचा तो त्यांचा उपाय आहे. मोतद्दाराचा खरारा कितीही चांगला असला तरी तो दिवसांतून एकदां होतो. सोबत्याचे दांत आठहि प्रहर जवळ असतात.

स्वित्झर्लंड देशानें ही गोष्ट केवळ भूतदयेवर सोडली नाहीं. तिला कायद्याचें रूप दिलें. तेथें १ सप्टेंबर २००८ पासून अंमलांत आलेल्या नियमांप्रमाणें घोड्याला आपल्या जातीचें दुसरें जनावर दिसलें पाहिजे, ऐकूं आलें पाहिजे आणि त्याचा वास आला पाहिजे. शिंगरांना तर कळपांतच वाढवावें लागतें. एकटा घोडा बाळगणें हा तेथें हौसेचा प्रश्न राहिलेला नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. झुलणें, काठ चावणें, येरझारा घालणें यांचें एकटेपण हेंच एकमेव कारण नसतें. गवत थोडें व दाणा फार, चोवीस तास कोंडून ठेवणें, पोटांतील व्रण, हीहि कारणें असूं शकतात. म्हणून आधीं पशुवैद्यास दाखवावें. अशीं लक्षणें अंगवळणीं पडलेलीं असल्यास सोबती आणूनही तीं पुरतीं जात नाहींत, हेंहि लक्षांत ठेवावें. "ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला," अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि एक घोडा काठ चावूं लागला कीं शेजारचाही चावूं लागतो असा तबेल्यांतून समज आहे. त्याला भक्कम पुरावा मिळालेला नाहीं. बहुधा एकाच तबेल्यांतील सारखी गैरसोयच दोघांना सारखा गुण लावीत असते.

आतां मुख्य प्रश्न : सोबत कोणाची?

घोड्याजवळ निराळ्या जातीचें जनावर बांधण्याची चाल फार जुनी आहे. "तबेले की बला बंदर के सिर" अशी एक हिंदी म्हण आहे. तबेल्यावरील संकट माकडाच्या माथीं जावें, या समजुतीनें तेथें माकड बाळगीत. पंचतंत्रांतील एका कथेंत राजाच्या घरीं घोडे, माकडें आणि एक खोडकर मेंढा एकत्र नांदतात. मेंढ्याच्या पेटलेल्या लोकरीनें पागेला आग लागते, आणि भाजलेल्या घोड्यांवर उपाय म्हणून माकडांचा बळी जातो. इंग्लंडांत गोडोल्फिन अरेबियन या प्रख्यात घोड्याची एका मांजरावर माया होती. त्यास १७५३ सालीं केंब्रिजजवळ पुरण्यांत आलें. आणि त्याच्या मागें तें मांजर झुरलें, अशी आख्यायिका आहे.

परंतु याबाबतींत सर्वांत उद्बोधक उदाहरण सीबिस्किट या अमेरिकन घोड्याचें आहे. चार्ल्स हॉवर्ड या मोटार-व्यापाऱ्यानें १९३६ सालीं तो विकत घेतला तेव्हां तो खंगलेला, चिडखोर आणि अंगावर धांवून येणारा असा होता. तबेल्यांत तो सारख्या येरझारा घाली. टॉम स्मिथ नांवाच्या मितभाषी शिक्षकाच्या हातीं त्याला सोंपविण्यांत आलें. स्मिथनें प्रथम तबेल्यांतील जुन्या रिवाजाप्रमाणें त्याच्यापाशीं एक बकरी आणून सोडली. सीबिस्किटनें तिला दांतांत धरून हलविलें आणि दारावरून बाहेर भिरकावून दिलें! दुसरा कोणी असता तर "या जनावराला सोबत मानवत नाहीं" असें म्हणून स्वस्थ बसला असता. स्मिथनें निराळा निष्कर्ष काढला : सोबत नको असें नाहीं, ही सोबत नको. मग त्यानें पंपकिन नांवाचा एक पिवळट घोडा आणला. पंपकिननें माँटाना प्रांतांत गुरांच्या कळपांमागें धांवून जन्म काढला होता. अंगानें भक्कम, स्वभावानें थंड. कशानेंहि बिथरावयाचा नाहीं. दोघांच्या खणांमधली भिंत पाडण्यांत आली. पुढें एक भटका कुत्रा आणि एक लहानसें माकडहि तेथें राहावयास आलें. १ नोव्हेंबर १९३८ रोजीं सीबिस्किटनें वॉर ॲडमिरल या नाणावलेल्या घोड्यास हरविलें, तें सर्व जगानें ऐकलें; पण त्या विजयामागें पंपकिनची शांत सोबत होती, हें थोड्यांच्याच लक्षांत राहिलें.

या हकीकतींत योग्य सोबत्याचें सर्व लक्षण आलें आहे. पहिली गोष्ट : घोड्याला घोडाच उत्तम. निदान तट्टू तरी असावें. त्याची भाषा कानांची, शेपटीची, नाकपुड्यांची; ती दुसऱ्या घोड्यालाच नीट उमगते. दुसरी गोष्ट : स्वभाव. भित्र्याजवळ भित्रा बांधला तर दोघे मिळून सावलीलाहि बुजतील. बुजऱ्याजवळ धीट, आणि तापटाजवळ थंड, अशी जोडी जमवावी. तिसरी गोष्ट : लिंग. आपल्याकडे घोडा आखता करण्याची चाल कमी आहे, आणि न आखतलेल्या घोड्याशेजारीं घोडी बांधणें म्हणजे रोजचा तंटा, शिवाय नको असतां शिंगरूं. दोन घोड्या किंवा दोन आखते हें सुखाचें. चौथी गोष्ट : वय. म्हाताऱ्या घोडीला दोन वर्षांचें अवखळ शिंगरूं सोबतीस देणें म्हणजे आजीच्या खाटेवर नातवंडांचा आखाडा भरविण्यासारखें आहे.

कामांतून निवृत्त झालेलें, स्वस्तांत मिळणारें वृद्ध जनावर पुष्कळदां फार चांगली सोबत देतें. त्यांत एका जिवाला आसरा दिल्याचें पुण्यहि आहे. मात्र त्याचे दांत व खूर आधीं तपासून घ्यावेत. झिजलेल्या दांतांना भिजविलेला, मऊ आहार लागतो. तट्टू घेतल्यास उलट काळजी घ्यावी लागते. तें थोड्या खाण्यावर पोसतें, आणि घोड्याचा खुराक मिळाला तर लठ्ठ होऊन त्याच्या खुरांत अतिशय वेदना देणारी सूज येते. म्हणून दोघांची चंदी निरनिराळी, आणि खावयाच्या जागाहि निरनिराळ्या असाव्यात.

गाढवाचें नांव काढतांच कित्येकांना हंसूं येईल. परंतु गाढव हें शांत व विश्वासू जनावर आहे. त्याला सोबतीस आणतांना लोक एक गोष्ट विसरतात. गाढव आपल्या जातीच्या एखाद्या सोबत्याशीं फार घट्ट जीव लावतें. त्याची ताटातूट झाली तर तें खाणें सोडतें, मग रक्तांत चरबी वाढते आणि प्रसंगीं तें प्राणासहि मुकतें. म्हणून गाढव आणावयाचें तर जोडी आणावी. आपल्या घोड्याचें एकटेपण घालविण्यासाठीं दुसऱ्या एका जिवाला एकटें करणें, हा न्याय नव्हे. शिवाय गाढवाच्या फुप्फुसांत एक प्रकारचे जंत असतात. गाढवाला त्यांचा फारसा उपद्रव होत नाहीं, पण घोड्याला खोकल्याचा विकार जडतो. तेव्हां जंतांचें औषध आधीं द्यावें.

दुसरा घोडा ठेवण्याची ऐपत नसेल तर बकरी किंवा मेंढी अगदींच कुचकामाची नाहीं. कांहीं घोडे त्यांच्यावरहि जीव लावतात. परंतु येथें आहाराचा मोठा धोका आहे. कोंबड्यांच्या व गुरांच्या कांहीं तयार खाद्यांत मॉनेन्सिन नांवाचें औषध मिसळलेलें असतें. तें त्यांना मानवतें, पण घोड्याला अगदीं थोड्या मात्रेंतहि प्राणघातक ठरतें. उलट घोड्याच्या खाद्यांतील तांब्याचा अंश मेंढीच्या शरीरांत सांठून तिला विषासारखा बाधतो. एकाचा घांस दुसऱ्याचा काळ व्हावा, अशी ही स्थिति आहे. सोबत कितीहि गोड असली तरी पंगत वेगळीच हवी.

कोणी विचारील, आरसा लावला तर? हा प्रश्न थट्टेचा नाहीं. मॅकॅफी, मिल्स व कूपर या संशोधकांनीं तबेल्यांत आरसे लावून प्रयोग केला, आणि झुलण्याची खोड त्यानें बरीच कमी झाल्याचें २००२ सालीं प्रसिद्ध केलें. घोडा दुसऱ्या घोड्याच्या नुसत्या मुखदर्शनालाहि किती आसुसलेला असतो, हें यावरून दिसतें. परंतु आरसा मान खाजवीत नाहीं, आणि पहाराहि करीत नाहीं. अडचणींत तो चार दिवसांचा आधार; सोबती नव्हे.

सोबती ठरला म्हणजे लगेच आणून शेजारीं बांधूं नये. नव्या जनावराला निदान तीन आठवडे दूर, स्वतंत्र बादली व स्वतंत्र खरारा देऊन ठेवावें. ग्लँडर्स हा घोड्यांचा भयंकर संसर्गजन्य रोग माणसालाहि होतो. आपल्या देशांत २००९ च्या कायद्यान्वयें त्याची वर्दी देणें आवश्यक आहे, आणि रोग ठरल्यास जनावर नष्ट करावें लागतें. बाजारांतील गर्दींतून आणलेल्या जनावराचें रक्त पशुवैद्याकडून तपासून घेणें यांत कंजुषी करूं नये. चार दिवसांची घाई जुन्या व नव्या अशा दोन्ही जनावरांच्या जिवावर बेतूं शकते.

मग ओळख करून द्यावी ती कुंपणाआडून. नाकाला नाक लागेल, पण लाथ लागणार नाहीं, अशी व्यवस्था असावी. पहिल्या दिवशीं किंकाळ्या, फुरफुरणें, पुढचा पाय आपटणें होईलच. त्यानें घाबरून जाऊं नये. दोन्ही जनावरें कुंपणाजवळ शांतपणें चरूं लागलीं म्हणजे मोकळ्या मैदानांत एकत्र सोडावीं. मागच्या पायांचे नाल आधीं काढून ठेवावे, कोंडीचे कोपरे बंद करावे, आणि दोन जनावरें असतील तर गवताचे तीन ढीग मांडावे. मान कोणाचा आणि पाठीमागें कोण, हें तीं आपसांत ठरवून घेतात. त्यांत मनुष्यानें न्यायाधीश होऊं नये. रक्त येण्याचा प्रसंग मात्र टाळावा.

एवढें सारें केल्यावरहि एक अडचण उरते. जोडी जमली, आणि एकाला फिरावयास नेलें, कीं दुसरा आकाशपाताळ एक करतो. याला उपाय सवयीचा. प्रथम पांच मिनिटें, मग दहा, असें दूर नेऊन परत आणावें, आणि मागें राहिलेल्यापुढें गवत टाकलेलें असावें. जागा व ऐपत असेल तर तिसरें जनावर हा खरा उपाय होय. मग मागें राहणारा एकटा राहत नाहीं. पण जेथें दोघांचा खर्च जड आहे, तेथें तिसऱ्याची गोष्ट कशास? चारशें किलो वजनाच्या घोड्याला रोज सुमारें आठ किलो सुकी वैरण लागते, आणि तो पंचवीस-तीस वर्षें जगूं शकतो. म्हणून शहाण्या गृहस्थानें पहिला घोडा घेण्याआधींच दुसऱ्याचा हिशेब मांडावा. तो बसत नसेल तर घोडा घेऊं नये. मुलांना एखाद्या अश्वारोहण-शाळेंत पाठवावें. तेथें घोड्यालाहि सोबत मिळते आणि मुलांनाहि.

आपल्या कल्पनेंतील गृहस्थांना मोतद्दारानें गांवांतच एक वृद्ध घोडी शोधून दिली असें समजूं. वरातींतून नाचून तिचे गुडघे गेले होते. धन्याला ती भार झाली होती. तीन आठवडे ती आंब्याखालीं वेगळी राहिली, मग कुंपणाआडून नाकाला नाक लागलें. आणि एके दिवशीं पहांटे मोतद्दारानें मालकांना हांक मारून दाखविलें : म्हातारी उभी आहे, आणि तरुण घोडी तिच्या पायांशीं अंग टाकून गाढ झोंपली आहे.

आतां एक्सटर्मिनेटरची राहिलेली हकीकत. शर्यतींतून निवृत्त झाल्यावर किल्मर यांनीं त्याला सांभाळलें, आणि सोबतीस एक लहानसें तट्टू दिलें. त्याचें नांव पीनट्स, म्हणजे शेंगदाणा. उंच हाडकुळा घोडा आणि त्याच्या गुडघ्यांशीं तें इवलेंसें तट्टू, अशी ती जोडी होती. पण तट्टवाचें आयुष्य सरलें. मग दुसरें आलें, पुढें आणखीहि आलीं. प्रत्येकाचें नांव पीनट्सच ठेवण्यांत आलें. १९४५ सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं एक्सटर्मिनेटर वारला. पन्नास शर्यती जिंकणाऱ्या त्या घोड्याला दुसऱ्याच्या सोबतीसाठीं म्हणून विकत घेतलें होतें. अखेरीस त्यालाहि गोठ्यांत कोणी तरी आपलें लागलेंच. त्याच्या मालकांचें मोठेपण यांत आहे कीं, पहिला पीनट्स गेला तेव्हां "आतां म्हाताऱ्याला काय करावयाचें आहे" असें ते म्हणाले नाहींत. त्यांनीं रिकामा झालेला खण पुन्हां भरला.